इंजिने बसतात, नोंद कुठेच होत नाही

माझ्या चुलत भावाची पिकअप गेल्या ऑक्टोबरात धारूरच्या घाटात बंद पडली. माजलगावकडून सोयाबीनची पोती भरून तो लातूरच्या मोंढ्यात निघाला होता, रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि घाटातले एक अवघड वळण जेमतेम पार झाले होते. आधी इंजिनात कुणी आतून हातोडी मारावी तसा आवाज येऊ लागला, पाठोपाठ ऑईलचा लाल दिवा लागला, आणि गाडी कडेला घ्यावी असे मनात येईपर्यंत इंजिन जाम होऊन स्टिअरिंग दगडासारखे जड झाले. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली; पण चढावर ती मागे सरकू लागल्यावर त्याने पुन्हा पाय दिला, तर पेडल फळीसारखे कडक लागले. भरलेल्या गाडीला हँडब्रेक पुरेना. सोबतच्या पोराने उडी टाकून मागच्या चाकाला धोंडा लावला म्हणून पुढचे टळले. मागून चढणारी एसटी वीसेक फुटांवर येऊन थांबली होती.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून केजला ओळखीच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी इंजिनाखालचा ऑईलचा चेंबर खोलून ऑईल घमेल्यात काढले. ऑईल काळे असणे स्वाभाविक होते, पण घमेले उन्हात धरल्यावर त्यात चंदेरी-तांबूस कीस चमकत होता. बोटावर घेतला तर रांगोळीसारखा रवाळ लागला. पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या एका कनेक्टिंग रॉडची कॅप सोडवल्यावर आतले बेअरिंग जागचे फिरलेले दिसले आणि क्रँक खाल्लेला दिसला. मिस्त्री काही न बोलता आत गेले आणि फळीवरून तारेत ओवलेले बेअरिंगांचे दोन जोड घेऊन आले. दोन्ही याच मॉडेलच्या गाड्यांचे, एक गाडी ५२ हजार किलोमीटरवर बसलेली, दुसरी ७० हजारांवर. आमची ६१ हजारांवर. ‘सर, दुखणं तिन्हीचं एकच हाय,’ ते म्हणाले, ‘पण माझ्या फळीला कोण विचारतंय?’ गाडी वॉरंटीत आहे हे कळल्यावर त्यांनी पुढे हात लावायला साफ नकार दिला आणि ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यायला सांगितली.

सर्व्हिस सेंटरमध्ये आम्हाला तीन कारणे एकामागून एक ऐकायला मिळाली. पहिले ओव्हरलोडचे. दुसरे, ऑईल वेळेवर बदलले नसणार. ऑईल बदलल्याची सगळी बिले त्याच सर्व्हिस सेंटरची निघाली तेव्हा तिसरे कारण पुढे आले: बाहेरच्या मिस्त्रीने चेंबर उघडला, सबब वॉरंटी बाद. एक लाख अठरा हजारांचे एस्टिमेट हातात पडले. आठवडाभर फेऱ्या मारल्यावर कंपनीने ‘गुडविल’ म्हणून सुट्या भागांची निम्मी किंमत सोसण्याची तयारी दाखवली. मात्र ‘माझ्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले असून यापुढे माझे काही म्हणणे नाही’ अशा मजकुराखाली सही करणे आवश्यक होते. सोयाबीनचा हंगाम ऐन भरात होता आणि फायनान्सचा हप्ता पाच तारखेला होता. सही करून मोकळा हो, असे त्याला मीच सांगितले.

त्या सहीमुळे भावाची गाडी रस्त्यावर आली, आणि त्याच सहीमुळे घाटातला तो प्रसंग कागदोपत्री नाहीसा झाला. कंपनीच्या लेखी तो एक समाधानी ग्राहक आहे, सरकारच्या लेखी तर काही घडलेलेच नाही. आपल्याकडे सदोष इंजिनांची वाहने सहसा परत मागवली जात नाहीत, याची चर्चा होते तेव्हा कायदा कमजोर आहे किंवा कंपन्या बेदरकार आहेत असे सांगितले जाते. दोन्हींत तथ्य आहे, पण माझ्या मते अडचणीचे मूळ त्याच्या अलीकडे आहे. बिघाड मोजण्याचे काम आपण अशा माणसावर टाकले आहे, ज्याच्यापाशी मोजण्याची साधने नाहीत आणि थांबायला वेळ नाही. आणि ज्याच्यापाशी प्रत्येक बिघाडाची तारीखवार नोंद आहे, त्याला ती दाखवण्याची सक्ती नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे, कारण तो समजला जातो तितका वाईट नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी मोठी दुरुस्ती झाली, तिने ११० अ हे कलम घातले. एखाद्या प्रकारच्या वाहनातील दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, आतील प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय होण्याचा संभव असेल, तर केंद्र सरकार उत्पादकाला ती वाहने परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. त्यानंतर उत्पादकाने एकतर पूर्ण किंमत परत द्यायची, किंवा तशीच अथवा त्याहून चांगली गाडी द्यायची, किंवा दोष दुरुस्त करून द्यायचा. याचे नियम मार्च २०२१ मध्ये निघाले आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांपेक्षा कमी वयाची वाहने त्यांच्या कक्षेत येतात आणि सक्तीने वाहने परत मागवावी लागली तर १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी, २०१२ पासून, सियाम या उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेली ऐच्छिक आचारसंहिताच काय ती होती, म्हणजे सगळा मामला खुशीचा होता. २०१३ साली जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टवेरा गाड्या परत मागवल्या तो प्रसंग आपल्याकडच्या काळी-पिवळीवाल्यांना आठवत असेल. पण तो उत्सर्जन चाचणीतल्या गैरप्रकाराचा होता आणि तोही कंपनीनेच कबूल केल्यावर बाहेर आला.

आता या कलमातली मेख. दोषाची खबर सरकारकडे तीन वाटांनी येऊ शकते: अधिसूचित केलेल्या प्रमाणात वाहनमालकांनी तक्रारी केल्यास, चाचणी संस्थेने कळवल्यास, किंवा ‘अन्य कोणत्याही स्रोताकडून’ आल्यास. नियम करताना भर पहिल्या वाटेवर दिला गेला. एका वर्षात त्या मॉडेलच्या किती गाड्या विकल्या गेल्या, त्यावरून किती तक्रारी झाल्या म्हणजे चौकशी अटळ ठरेल याचे कोष्टक आहे, आणि या तक्रारी वाहन पोर्टलवर मालकाने स्वतः नोंदवायच्या आहेत. कागदावर ही लोकशाही पद्धत वाटते. प्रत्यक्षात गेवराईच्या मोसंबीवाल्याने, उदगीरच्या दूधवाल्याने आणि सेलूच्या भाजीवाल्याने, एकमेकांना न ओळखता, एकाच दोषाबद्दल, एकाच प्रकारचे शब्द वापरून, आपापल्या मोबाइलवरून सरकारी पोर्टलवर तक्रार करावी आणि अशांची संख्या कोष्टकातल्या आकड्याला भिडावी, अशी ही अपेक्षा आहे. ज्याचे इंजिन बसले त्याला पहिला प्रश्न पडतो तो उद्याच्या भाड्याचा. तो मिस्त्रीकडे जातो, इंजिन बांधून घेतो, आणि बरेचदा तीच गाडी बाजारात काढून मोकळा होतो. या साखळीत कुठेही सरकारी नोंद होत नाही. नोंद झालीच तर मिस्त्रीच्या फळीवर होते.

मालकांच्या तक्रारी आणि कंपनीच्या दप्तरातल्या नोंदी यांत किती अंतर असते, याचा एक आकडा अलीकडेच अमेरिकेतून मिळाला आहे. जनरल मोटर्सच्या तिथल्या मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांतले ६.२ लीटरचे व्ही-८ इंजिन चालता चालता बसते, अशा मालकांच्या तक्रारींवरून तिथल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये प्राथमिक चौकशी सुरू केली. चौकशीच्या कक्षेत पावणेनऊ लाखांहून अधिक गाड्या होत्या, आणि प्रशासनाकडे थेट आलेल्या तक्रारी होत्या ३९. एप्रिलमध्ये कंपनीने सुमारे ६ लाख गाड्या परत मागवल्या तेव्हा तिने स्वतःच्या नोंदी तपासून जो आकडा दिला तो २८,१०२ घटनांचा होता, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटनांत गाडीची चालच बंद पडल्याचे सांगितले गेले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मालकांनीच मोजायचे असते तर तिथेही प्रकरण ३९ वर थांबले असते. (ज्यांची इंजिने तपासणीत चांगली ठरली, त्यांना जाड ऑईल आणि ऑईलचे नवे झाकण देऊन कंपनीने बोळवण केली, ही गोष्ट वेगळी. तिथेही सगळेच छान चालते असे मानायचे कारण नाही.)

हे अंतर तिथे भरून निघते कारण तिथे २००० साली, फायरस्टोन टायरांमुळे झालेल्या अपघातांचा गदारोळ उठल्यानंतर, ‘ट्रेड’ (TREAD) नावाचा कायदा झाला. त्यानुसार उत्पादकाने वॉरंटीचे दावे, ग्राहकांच्या तक्रारी, विक्रेत्यांकडून आलेले अहवाल, अपघात आणि मृत्यू यांची माहिती ठरावीक काळाने सरकारला द्यावी लागते. दोष आहे असे एकदा ठरवले की पाच कामकाजाच्या दिवसांत कळवावे लागते. आणि ज्याने आधीच पदरचे पैसे घालून तोच दोष दुरुस्त केला असेल, त्याला ते परत मिळण्याची सोयही असते. म्हणजे मोजण्याचा भार ज्याच्यापाशी दप्तर आहे त्याच्यावर. हे कलम आपल्याकडे नाही. आणि मला विचाराल तर दंडाची रक्कम कमी-जास्त करण्यापेक्षा या एका तरतुदीने अधिक काम होईल.

आपल्या कलमातही याचे बीज आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. ११० अ मध्येच असे म्हटले आहे की उत्पादकाच्या लक्षात दोष आला तर त्याने तो सरकारला कळवून वाहने परत मागवण्याची प्रक्रिया स्वतः सुरू करावी, आणि तसे केल्यास त्याला दंड लागू होणार नाही. प्रश्न ‘लक्षात आला’ या शब्दांचा आहे. दोनशे सर्व्हिस सेंटरांतून एकाच भागाच्या मागण्या येऊ लागल्या, अर्ध्या इंजिनाचे संच नेहमीपेक्षा अधिक खपू लागले, ‘गुडविल’च्या फायली साठू लागल्या, तर ते कंपनीच्या लक्षात आले असे मानायचे की नाही? आज याचे उत्तर कंपनीच देते. नियतकालिक माहिती देण्याची सक्ती असती तर ते उत्तर तारखेसह तिच्याच कागदांतून वाचता आले असते.

ही अवास्तव अपेक्षा नाही, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागू नये. १९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि या दोन टोकांभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो लहान-मोठे उद्योग उभे राहिले. बीड, जालना, परभणीतल्या कितीतरी घरांतला एकजण तिथे कुठल्या ना कुठल्या लाइनवर आहे. क्रँकला ऑईलसाठी आरपार भोके पाडतात, त्या भोकांच्या कडेला धातूची बारीक कोर राहते. तिला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. ती बर काढून, भोके प्रेशरने धुऊन, मगच क्रँक पुढे जातो. बर राहिली किंवा धुण्यात कसर झाली तर तो कण ऑईलच्या वाटेत अडकतो, कनेक्टिंगच्या बेअरिंगला ऑईल पोचत नाही, धातूवर धातू घासतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर गाडी धारूरच्या घाटात उभी राहते. ह्युंदाई आणि किया यांच्या अमेरिकेतल्या प्रकरणात मूळ कारण म्हणून हेच पुढे आले होते: क्रँकच्या मशिनिंगमध्ये मागे राहिलेले कण. तिथे २०१५ मध्ये ४ लाख ७० हजार गाड्या परत मागवल्या गेल्या, तेव्हा दोष एवढ्यापुरताच आहे असे सांगण्यात आले. २०१७ मध्ये आणखी सुमारे १२ लाख गाड्यांची भर पडली. मधल्या काळात कंपनीतल्याच एका अभियंत्याने आतली माहिती सरकारकडे नेली होती. शेवटी दिरंगाईबद्दल २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांवर मिळून २१ कोटी डॉलरची दंडात्मक जबाबदारी आली, आणि त्या अभियंत्याला पुढच्या वर्षी सरकारने २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले. टोयोटाने २०२४ मध्ये अमेरिकेत सुमारे एक लाख टुंड्रा आणि लेक्सस गाड्या परत मागवल्या त्याही इंजिनात राहिलेल्या मशिनिंगच्या कचऱ्यामुळे. जगातला नामांकित कारखानाही यातून सुटत नाही. म्हणून दोष निघाला ही लाज मानण्याचे कारण नाही, तो दडवला तर आहे.

वाळूजच्या लहान पुरवठादाराला मोठी कंपनी दर महिन्याला ‘पीपीएम’ मागते, म्हणजे दहा लाख नगांमागे तिने तुमचे किती नग नाकारले. प्रत्येक क्रेटवर बॅच नंबर असतो, कच्चा माल कुठल्या ओतणीतला ते सांगणारा हीट नंबर असतो, कुठल्या पाळीत कुणी मशिन चालवले तेही रजिस्टरात असते. नग सदोष निघाला की डेबिट नोट येते, म्हणजे त्याचे पैसे पुरवठादाराच्या बिलातून कापले जातात. आपल्या पुरवठादाराचे दोष दहा लाखांत किती इतक्या बारकाईने मोजणाऱ्या कंपनीला आपल्या ग्राहकांची किती इंजिने बसली हे सांगता येत नाही, हे मी तरी मानायला तयार नाही.

यावर येणारे सर्वांत वजनदार उत्तर पुरवठादारांच्याच बाजूने येते. सक्तीने गाड्या परत मागवायला लावल्या तर खर्चाचा बोजा शेवटी डेबिट नोटेच्या रूपाने त्या वीस-पंचवीस कामगारांच्या शेडवर येईल, आणि तोट्यात जाणारे शेड आपल्याच माणसांचे असेल. ही भीती खरी आहे. पण ती उशिरा मागवण्याच्या बाबतीत अधिक खरी आहे. दोष पहिल्या सहा महिन्यांत पकडला तर एका बॅचच्या दोन-चार हजार गाड्या तपासून भागते. पाच वर्षे दाबून ठेवला तर लाखांच्या घरात जातो, आणि तोवर पुरवठादाराकडचे रजिस्टरही जुने झालेले असते, चूक ड्रिलची होती की ड्रॉइंगची हे सिद्ध करायला त्याच्या हाती काही उरत नाही.

मालकांच्या निष्काळजीपणाचा मुद्दाही झटकून टाकता येणार नाही. आपल्याकडे दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरला जातो, हे कुठल्याही मोंढ्याबाहेर अर्धा तास उभे राहिले तरी दिसते. सुट्या ऑईलचे डबे, वेळेपेक्षा दुप्पट चालवलेले फिल्टर, मे महिन्यात परभणी-नांदेडच्या ४४ अंशांत रेडिएटरमध्ये ओतलेले बोअरचे क्षारयुक्त पाणी, हे सगळे इंजिनाच्या मुळावर येते. माझा भाऊही धुतल्या तांदळासारखा आहे असा दावा मी करणार नाही. पण निष्काळजीपणाने बसलेली इंजिने सर्व मॉडेलांत, सर्व वर्षांत विखुरलेली असतात. कुणाचे हेड जाते, कुणाचा पिस्टन चिकटतो, कुणाचा टर्बो. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षी बनलेल्या, पन्नास ते सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाड्यांचे एकाच जागचे बेअरिंग फिरत असेल, तर त्या सगळ्या मालकांनी ठरवून सारखाच निष्काळजीपणा केला असे म्हणावे लागेल. हा फरक ओळखायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही; चॅसिस नंबर, किलोमीटर आणि गेलेला भाग एवढे तीन रकाने एकत्र मांडले तरी पुरते. ते मांडणारे कुणी नाही एवढेच.

इंजिन बसणे हा सुरक्षेचा प्रश्न नाही, तो खर्चाचा प्रश्न आहे, असाही एक पवित्रा घेतला जातो, आणि तो कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, कारण ११० अ चा रोख अपाय करणाऱ्या दोषावर आहे. ज्याने हे ठरवले त्याने भरलेली गाडी घेऊन कन्नडचा घाट एकदा उतरावा. इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंगचा पंप थांबतो. ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमही इंजिनावरच तयार होतो. तो साठ्यात एक-दोन दाबांपुरता उरतो आणि मग पेडल कडक होते. सोलापूर-धुळे महामार्गावर रात्री मधल्या लेनमध्ये अचानक उभी राहिलेली गाडी मागच्या ट्रकवाल्याला किती अंतरावरून दिसते, हे त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही विचारावे. घरासमोर सुरू न होणारी गाडी आणि चालता चालता जाम होणारी गाडी यांना एकाच रकान्यात टाकता येत नाही. अमेरिकेतल्या वर सांगितलेल्या तिन्ही प्रकरणांत गाड्या परत मागवल्या गेल्या त्या चालत्या गाडीची शक्ती जाते याच कारणासाठी.

ग्राहक आयोगाची वाट आहेच, आणि ती वाटते त्यापेक्षा सोपी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, पुण्या-मुंबईला जावे लागत नाही. पिकअप धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असे सर्व्हिस सेंटरवाले बिनदिक्कत सांगतात. परंतु स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही, असे कायद्यातच आहे आणि १९९५ सालच्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच भेद उलगडून सांगितला आहे. मालक स्वतः गाडी चालवत असेल तर तो ग्राहक आहे. कलम ३५ नुसार आयोगाच्या परवानगीने एकाने अनेकांच्या वतीनेही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. हे सगळे खरे असूनही माझी तक्रार कायम आहे, कारण आयोगाचा निकाल सहसा एका गाडीचा असतो. जालन्याचा माणूस जिंकला म्हणून हिंगोलीच्या माणसाच्या गाडीतले बेअरिंग बदलत नाही, आणि त्या निकालाची प्रत परिवहन मंत्रालयाच्या कोष्टकात एक तक्रार म्हणूनही मोजली जात नाही.

ती मोजली जावी, असे माझे म्हणणे आहे. ‘अन्य कोणताही स्रोत’ हे शब्द कायद्यात आहेत ते शोभेसाठी नसावेत. ग्राहक आयोगाचे निकाल, विमा कंपन्यांचे सर्व्हे अहवाल, अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षकाने केलेल्या तपासणीचे शेरे, आणि अर्ज दिला तर गावोगावच्या गॅरेजची माहितीसुद्धा, हे सगळे या शब्दांत बसते. अंबाजोगाईच्या किंवा लातूरच्या आरटीओ कार्यालयात महिन्यातून एक दिवस असे अर्ज घेऊन चॅसिस नंबरनुसार एकत्र केले, तर त्याला ना नवा कायदा लागतो ना नवा खर्च. वॉरंटीच्या नोंदी सक्तीने मागण्यासाठी मात्र नियम बदलावा लागेल, आणि त्यासाठी आपल्या खासदारांना प्रश्न विचारायला लावणे हे ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांपासून वाहतूकदारांच्या संघटनांपर्यंत सगळ्यांचे काम आहे. पाण्यासाठी आणि पीकविम्यासाठी मोर्चे काढणाऱ्या या भागाला गाडीच्या इंजिनासाठी एकत्र येणे विचित्र वाटते, हे मी समजू शकतो. पण कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात आज नियमित पैसा आणणारी वस्तू अनेकदा तीच एक असते, आणि तिच्यावर कर्जही शेतीपेक्षा जास्त असते.

आणि ‘गुडविल’च्या कागदावर ‘यापुढे माझे काही म्हणणे नाही’ हे वाक्य घालण्यास मनाई व्हावी. दुरुस्तीला सवलत देणे हा कंपनीचा अधिकार आहे. त्या बदल्यात ग्राहकाचे तोंड बंद करणे हा नाही.

आपणही यात अगदीच निर्दोष नाही, हे भावाला सही करायला लावताना मला कळत होते. शेजारच्याचे इंजिन बसल्याचे कळले की आपण ‘त्याचा हात जड आहे’ म्हणतो. आपले बसले की गुपचूप बांधून घेतो, कारण बोभाटा झाला तर गाडीला गिऱ्हाईक मिळणार नाही. जुने बेअरिंग भंगारात जाते, जॉब कार्ड हरवते, सर्व्हिस सेंटरने तोंडी दिलेला नकार तोंडीच राहतो. भावाच्या गाडीत नवा क्रँक बसला तेव्हा त्याचा बॅच नंबर बिलावर लिहून द्या, अशी आम्ही मागणी केली. काउंटरवरचा मुलगा ‘असं कुणी मागत नाही’ म्हणाला, आत जाऊन विचारून आला, आणि शेवटी पेनने बिलाच्या कोपऱ्यात तो नंबर लिहून दिला.

जानेवारीत केजच्या मिस्त्रींकडे त्याच मॉडेलची आणखी एक गाडी आली, साळेगावकडची, ५८ हजारांवर बसलेली. या खेपेस त्यांनी चेंबर उघडला नाही. आवाज ऐकून, मोबाइलवर टिपून, मालकाला आधी सर्व्हिस सेंटरला लेखी अर्ज द्यायला लावला आणि त्या अर्जाची पोच आणायला सांगितली. त्याच रात्री त्याची तक्रार भावाने आपल्या मोबाइलवरून वाहन पोर्टलवर भरून दिली. त्या मालकासमोरही आता तोच गुडविलचा कागद आला आहे, त्याचाही हप्ता पाच तारखेला आहे, आणि हा लेख लिहून होईपर्यंत तरी त्याने त्यावर सही केलेली नाही.